रोज दोन तास स्क्रीनिंग

‘इमर्जिंग’ हा शब्द वाचून एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन पोलादपूरच्या दवाखान्यात धावली होती. शाळेने दिलेल्या प्रगतिपत्रकात ‘नंबर सेन्स’ या ओळीपुढे तो शब्द होता आणि तिने तो ‘इमर्जन्सी’ असा वाचला. डॉक्टरांनी पोराचा घसा, छाती, पोट सगळे तपासले, काहीच सापडले नाही, म्हणून ती तो कागद घेऊन माझ्याकडे आली. मी तिला सांगितले, तुझ्या लेकाला अजून नीट मोजता येत नाही, हळूहळू येईल, एवढेच यात लिहिले आहे. ती मटकन ओट्यावर बसली आणि हसायला लागली. मग मीही हसले. तेव्हा हसू आले होते हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्यानंतर अशा कागदांवर मला हसता आलेले नाही.

मी तेहतीस वर्षे अंगणवाडी चालवली. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून फुटून वर चढत जावे लागते अशी आमची एक वाडी, घरटी एक तरी माणूस मुंबईला. मुले कधी बारा, कधी वीस. बाहेरच्या माणसाला अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटते. खिचडी असतेच. त्याशिवाय मुलांची वजने घ्यायची, उंच्या मोजायच्या, लसीच्या दिवशी आयांना घरोघर जाऊन उठवून आणायचे, गरोदर बायकांवर लक्ष ठेवायचे, आणि हे सगळे आधी वहीत आणि मग मोबाइलवर भरायचे. यातून जो वेळ उरेल त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवायचे. ते शिकवणे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. आया दारात उभ्या राहून विचारायच्या, “बाई, पोरं नुसती खेलतात, शिकवता कधी?”

आम्हाला शिकवायला तालुक्याच्या सभागृहात प्रशिक्षणे व्हायची. तिथे एका सरांनी फळ्यावर लिहिले, ‘स्थूल कारक विकास, सूक्ष्म कारक विकास’. मी दहावी झालेली. कारक हा शब्द मला व्याकरणाच्या तासाला भेटलेला, म्हणून दिवसभर मी त्यात विभक्ती शोधत बसले. चहाच्या वेळी शेजारच्या सेविकेला विचारले तर ती म्हणाली, “लिहून घे गो, कुनी विचारीत नाय.” घरी येऊन वाल सोलायला बसले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बांध चढायचा, उडी मारायची ते स्थूल. बोटांच्या चिमटीत भिजवलेला वाल धरून साल काढायची ते सूक्ष्म. दुसऱ्या दिवसापासून मी आयांना सांगू लागले, पोरीला वाल सोलायला बसव, बोटे तयार होतील, मग पेन्सिल आपोआप धरेल. त्यांना लगेच समजले, आणि कारक हा शब्द मला पुन्हा कुणापुढे काढावा लागला नाही. मोठ्या शब्दाचे साल काढता येते याचा मला तेव्हापासून तोरा होता, खोटे कशाला बोलू.

निवृत्त झाले आणि पोलादपुरात मुलाकडे राहायला आले. इथली मुले आता व्हॅनमधून महाडला इंग्रजी बालशाळेत जातात. त्यांच्या आयांना कुणीतरी सांगितले की अंगणवाडीच्या बाई कागद वाचून देतात. रविवारी सकाळी दोघी-तिघी तरी येतात. माझ्याकडे प्रशिक्षणाच्या जुन्या पुस्तिका आहेत आणि मोबाइलमध्ये शब्दकोश आहे. सर्कल टाइम म्हणजे गोल करून बसणे. सेपरेशन अँग्झायटी म्हणजे आई गेली की रडणे. सेन्सरी प्ले म्हणजे माती आणि पाणी कालवत बसणे. हे ऐकून एक बाप म्हणाला, “म्हंजे आमी घरी ज्याच्यासाठी धपाटा घालतो तेच.” मी म्हटले, तेच. तिथे त्याचा फोटो काढून पाठवतात.

इथवर गंमत होती. गेल्या चैत्रात सुप्रिया आली.

सुप्रिया माझ्याच वाडीची सून. तिचा नवरा संदेश मुंबईत एका मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे. त्यांची मुलगी ईश्वरी. तळीयेवर दरड कोसळली त्या पावसात ती पाळण्यात होती. वाडीतली सगळी माणसे शाळेत झोपायला नेली तेव्हा मीच तिला छत्रीखाली धरून नेले होते. पुढे ती माझ्या अंगणवाडीत दीड वर्ष होती. मग संदेशने ठरवले की पोरीला इंग्रजी शाळेत घालायचे. सुप्रियाने त्यासाठी पोलादपुरात खोली घेतली आणि सासूलाही बरोबर आणले. ईश्वरी अंगणवाडीतून गेली आणि मीही त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले.

ईश्वरी गुणी मूल होती. रडणे नाही, भांडण नाही. गाणी म्हणताना ती नेहमी माझ्या पुढ्यात बसायची आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. हातवारे अचूक करायची. बोलायची कमी, तेही बोबडे, पण तिची आजी सांगायची, “हिचा बापूस पन उशिराच बोलला.” मला तिचे ते तोंडाकडे बघत राहणे फार आवडायचे. एवढ्या लक्षपूर्वक माझे दुसरे कुणी ऐकत नव्हते.

तर सुप्रिया आली ती एक फाइल आणि एक दोनशे पानी वही घेऊन. ईश्वरीला बरोबर आणले होते. तिला मी रंगखडू दिले, ती जमिनीवर पालथी पडून रंगवायला लागली. सुप्रियाने फाइल उघडली. शाळेने लिहिले होते की मुलीत अपेक्षित सुधारणा नाही, पुढच्या वर्गात घेण्याबद्दल पालकांनी येऊन भेटावे.

“बाई, आमी शालेनं सांगितला ते सगला केला,” सुप्रिया म्हणाली. “एक दिस चुकवला नाय. तरी असा कसा लिहितात?”

“काय सांगितलं होतं?”

“स्क्रीनिंग.”

तिने वही माझ्यापुढे ठेवली. पट्टीने रेघा मारून रकाने आखले होते. तारीख. सकाळी किती वाजता ते किती वाजेपर्यंत. संध्याकाळी किती ते किती. शेवटच्या रकान्यात काय बघितले ते: एबीसीडी, प्राण्यांची गाणी, फळांची नावे. कार्तिकापासून चैत्रापर्यंत पाने भरली होती. ईश्वरी तापाने फणफणली होती त्या दिवशीसुद्धा ‘अर्धा तास’ असे लिहिले होते.

मला आधी काही कळेना. मग मी फाइलमध्ये मागे गेले. सहामाहीच्या कागदावर खाली एक ओळ होती, ‘रेकमेंडेड फॉर स्क्रीनिंग’. आणि हळूहळू सगळे कळले. दिवाळीसाठी रजा घेऊन आलेला संदेश शाळेच्या पालकसभेला गेला होता. शाळेच्या मोठ्या मॅडम त्याला म्हणाल्या, चाइल्डला स्क्रीनिंगची गरज आहे, जितक्या लवकर कराल तितके चांगले. संदेशला शब्द कळला. स्क्रीन त्याला माहीत होता. लॉकडाऊनमध्ये त्याच्या चाळीतली सगळी पोरे मोबाइलच्या स्क्रीनवर शिकली होती, तीसुद्धा शाळेनेच सांगितले म्हणून. त्याने पुढच्या खेपेला मुंबईहून टॅब आणला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. त्याला अडाणी म्हणणाऱ्याने जरा थांबावे. ज्याला जेवढे सांगितले, तेवढ्यातून त्याने सरळ अर्थ काढला होता.

सुप्रियाच्या सासूने विरोध केला होता. “पोरीशी बोलाया मानूस लागतं, ती काचंची पाटी काय बोलनार हाय,” असे ती रोज म्हणायची. तिला गप्प बसवले. शिकलेल्या लोकांनी सांगितले आहे, तुम्हाला त्यातले समजत नाही, असे.

“शाळेनं नंतर विचारलं नाही?” मी म्हटले.

“विचारला ना. जानेवारीत मॅडम बोलल्या, स्क्रीनिंग केलं का? मी सांगितला, होय मॅडम, रोज दोन तास करतो.”

“मग?”

“मग त्या गुड बोलल्या.”

मी तिला पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले. रोज दोन तास, असे ऐकूनही ती बाई गुड म्हणाली. तिने ‘होय’ एवढेच ऐकले आणि पुढच्या पालकाचा कागद ओढला. हे लिहितानासुद्धा माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सुप्रिया सांगत होती की शेजारचे कटकट करतात, पोरगी टॅबचा आवाज पार वाढवते, कमी केला तर रडते, कानाला लावून बसते. त्याबद्दल तिने ईश्वरीला दोन-तीनदा मारलेही होते. मी ऐकत होते. कोपऱ्यात स्टीलची परात होती आणि शेजारी वाळलेल्या वालाचे गाठोडे. मी उठले, परात ईश्वरीच्या मागे नेऊन ठेवली आणि उभ्यानेच ओंजळभर वाल परातीत सोडला. सुप्रिया दचकली. बाहेर ओट्यावरची कोंबडी उडाली. ईश्वरी पानाला हिरवा रंग देत होती, ती देत राहिली.

सुप्रियाने माझ्याकडे बघितले. मी काही समजावून सांगितले नाही, तशी गरजही पडली नाही.

स्क्रीनिंग म्हणजे चाचपणी. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत तो शब्द आला तर आधी कान बघायचे, डोळे बघायचे, बोलणे मागे का आहे याचे कारण काढायचे. हे मी त्या दिवशी सुप्रियाला सांगितले. ती तिथेच त्या वहीची पाने फाडायला लागली. मी वही काढून घेतली. म्हटले, ही जपून ठेव, ही त्यांना दाखवायची आहे.

संदेशला बोलावून घेतले आणि आम्ही तिघे महाडला शाळेत गेलो. शाळा चांगली सजवलेली, भिंतीवर ढग आणि इंद्रधनुष्य. मोठ्या मॅडम बोलायला गोड होत्या. ईश्वरीच्या वर्गाची तरुण मिसही बाजूला उभी होती. मॅडमनी फाइल बघितली, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “हे बघा, आम्ही रेकमेंड केलं होतं. इट्स ऑन पेपर.”

मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी दोन पाने उलटली. मग तिसरे उलटले नाही.

“हे मिसअंडरस्टँडिंग आहे,” त्या म्हणाल्या. “पेरेंट्सनी क्लॅरिफाय करायला हवं होतं.”

संदेश म्हणाला, “मॅडम, मला कळला नाय असा मला वाटलाच नाय. मग विचारू काय?”

मॅडमनी वही मिटून बाजूला सरकवली. मी विचारले, “तुम्हाला शंका होती ना, की मुलीला ऐकू येत नसेल?”

“वी कांट डायग्नोज. पण हो, एक कन्सर्न होता.”

“मग ‘कान तपासून घ्या’ असं का नाही लिहिलं? तीन शब्द आहेत.”

“असं डायरेक्ट नाही लिहिता येत, मॅडम. पालक हर्ट होतात, काही तर भांडायला येतात. प्रोफेशनल लँग्वेज वापरावी लागते.”

तेव्हा मला समजले की हे शब्द कशासाठी असतात. इतकी वर्षे मला वाटत होते की शिकलेल्या माणसांना सोपे बोलता येत नाही म्हणून ती अवघड बोलतात. तसे नव्हते. सांगितल्याची नोंद राहावी आणि सांगण्याचा त्रास होऊ नये, यासाठी तो शब्द होता. मी आवाज चढवला. काय काय बोलले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. पाच महिने एक आई तुमच्या शब्दाची पूजा करत होती आणि पोरगी बहिरी बसून होती, असे मी म्हणाले, आणि ते मी दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या पालकांना ऐकू जाईल असे म्हणाले.

बाहेर पडलो तर ती तरुण मिस फाटकापर्यंत मागे आली. बिरवाडीकडची मुलगी, नुकताच कोर्स केलेली. “बाई, मला कम्प्युटरवर यादी येते,” ती म्हणाली. “त्यातनं वाक्य निवडायचं असतं. स्क्रीनिंग म्हणजे कुठं न्यायचं, काय करायचं, ते मलापण कुणी सांगितलं नव्हतं.” तिच्यावर ओरडायला माझ्याकडे आवाजच उरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात वीर स्टेशनला जाऊन मुंबईची सकाळची गाडी पकडली. सुप्रियाने मला चला म्हटले, म्हणून मीही गेले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात संदेशने नंबर लावून ठेवला होता. काचेच्या बंद खोलीत ईश्वरीला बसवले, कानांवर यंत्र चढवले. बाहेर एक तरुण डॉक्टरीण बटणे फिरवत होती. आवाज आला की ईश्वरीने एक ठोकळा डब्यात टाकायचा होता. ठोकळा हातात धरून ती किती वेळ तशीच बसून होती.

डॉक्टरीणबाईंनी सुप्रियाला समोर बसवून सांगितले, “दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मोठा आवाज थोडा पोचतो, बोलणं नीट पोचत नाही. मशीन लावू. मग तिला बोलायला शिकवावं लागेल, त्याला वेळ लागेल.” एकही शब्द मला उलगडून सांगावा लागला नाही. सुप्रियाने विचारले, “आदी आनली असती तर?” त्या म्हणाल्या, “जितकं आधी तितकं बरं. भाषा यायची वर्षं हीच असतात.”

मग त्यांनी फाइल चाळायला घेतली. सुप्रियाने फाइलमध्ये घरातले सगळे कागद ठेवले होते. लसीचे कार्ड, आधारची प्रत, शाळेचे कागद आणि त्यांच्या खाली अंगणवाडीचे बालविकास कार्ड. डॉक्टरीणबाईंचे बोट त्या कार्डावरून खाली आले आणि एका ओळीवर थांबले. ‘नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देते.’ पुढे बरोबरची खूण. दर तीन महिन्यांनी एक, अशा पाच खुणा. खाली सही.

“हे कोणी भरलंय?” त्यांनी विचारले.

“मी,” मी म्हणाले.

त्यांनी त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या तारखेचे बोलू लागल्या.

त्या खुणा कशा झाल्या ते सांगते. तिमाही संपत आली की सगळी कार्डे एकदम पुढ्यात घ्यायची. मुले घरी गेलेली. एकेक चेहरा आठवायचा आणि खाली खुणा करत जायचे. ईश्वरी म्हटले की पुढ्यात बसून माझ्याकडे बघणारा चेहरा आठवायचा, आणि मी खूण करायचे. प्रतिसाद देते म्हणजे तिच्या पाठीमागे उभे राहून हाक मारायची आणि ती वळते का बघायचे. दुनियेला शब्दांचे अर्थ सांगणारी मी, या शब्दाचा अर्थ काढायला एकदाही जागची उठले नाही. कामे खूप होती, वह्या खूप होत्या, वर मोबाइलवर भरायचे असायचे, हे सगळे खरे आहे. हाक मारायला किती वेळ लागतो हेही मला ठाऊक आहे. मी आयुष्यात जितकी चिडले त्यातली सगळ्यात मोठी चीड मला त्या काचेबाहेरच्या खुर्चीत बसून आली, आणि ती त्या महाडच्या मॅडमवर नव्हती.

ईश्वरीला मशीन लागून आता तीन महिने झाले आहेत. ‘आजी’ स्पष्ट म्हणते. बाकीचे शब्द यायचे आहेत, आणि त्यातले किती येतील ते डॉक्टरीणबाईंनी कबूल केलेले नाही. पण मला सांगायचे आहे ते तपासणीहून परत आलो त्या दिवसाचे.

वीरला उतरलो तेव्हा ऊन कलले होते. स्टेशनबाहेर रिक्षावाले महाडचे प्रवासी गोळा करत होते. मी सुप्रियाला थांबवले. गाडीत चार तास मनात जुळवत आणलेले मी एका दमात बोलून टाकले. म्हटले, “सुप्रिया, शाळेनं पाच महिने घालवले. मी दीड वर्ष घालवलं. ती माझ्याकडं होती तेव्हाच कळायला हवं होतं. मी न बघता खुणा केल्या.”

ईश्वरी तिच्या कमरेला बिलगून उभी होती, तिचे केस ती एका हाताने सारखे करत राहिली. तिचा आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. तिला खरोखरच एक गोष्ट समजून घ्यायची होती, तशी तिने ती विचारली.

“त्या शालेचा ठीक हाय, बाई. त्यांचा इंग्लिसमधी व्हता, आमाला कलला नाय. पन तुमचा कार्ड तर मराठीत व्हता ना?”

“हो,” मी म्हणाले.